रबराचा खर्च

रायपुरात तेलीबांध्याच्या आसपास, जी. ई. रोडवरच्या टायरच्या दुकानांबाहेर, काढून टाकलेल्या मोटरसायकल टायरांची चळत लागलेली असते. त्यातले बहुतेक टायर एकाच जागी संपलेले असतात, मधोमध. दोन्ही कडांवर कारखान्यातून आले तेव्हाचे रबराचे बारीक केस अजून शाबूत आहेत, पण मधला पट्टा सपाट झालेला, गोटा. सरळ रस्त्यावर उभ्या गाडीने रोज भिलाई-दुर्ग करून झिजलेला हा टायर. शर्यतीतून उतरलेला टायर याच्या बरोबर उलटा दिसतो. त्याचा मधला भाग बऱ्यापैकी धड असतो आणि खांदे मात्र ओरबाडलेले, सोललेले, उष्णतेने रंग पालटलेले.

या दोन टायरांतलं नातं जुनं आहे. रस्त्यावरच्या टायरला जे काही चांगलं मिळालं, त्यातलं बरंचसं आधी शर्यतीत कुणाचं तरी रबर वेळेआधी संपलं म्हणून मिळालं आहे. हा मागोवा त्या संपण्याचा आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज बाजूला काढायला हवा. झीज म्हणजे टायरचा दोष, असं आपण धरून चालतो. पण रबर रस्त्याला धरतं ते दोन प्रकारे. एक, त्याचे रेणू खडीच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात आणि सुटतात. दोन, खडीच्या उंचवट्यांवर रबर दबतं, पुन्हा फुगतं, आणि त्यात ऊर्जा खर्च होऊन उष्णता तयार होते. या दोन्ही क्रियांत रबराचा थोडा थोडा अंश जातोच. अजिबात न झिजणारा टायर बनवता येईल, पण तो वळणावर गाडीला धरून ठेवणार नाही. म्हणून शर्यतीत प्रश्न झीज थांबवण्याचा कधीच नव्हता. हातात आहे तेवढं रबर कोणत्या वळणावर, कोणत्या फेरीत आणि टायरच्या कोणत्या भागावर खर्च करायचं, हा तो प्रश्न आहे.

चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ केलं. रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये हवेच्या टायरची कल्पना मांडली, आणि १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलपने ती पुन्हा शोधून चालती केली. पण हे सगळे टायर फिकट रंगाचे होते आणि भराभर झिजत होते. खरी कलाटणी काजळीने दिली. १९०४ च्या सुमारास लंडनजवळच्या सिल्व्हरटाउनमध्ये सिडनी मोट यांना आढळलं की रबरात बारीक काजळी मिसळली की ते कितीतरी बळकट होतं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत टायर काळे झाले ते या कारणाने. काजळी किती, किती बारीक, सोबत तेल किती, यावर टायर मऊ होणार की कडक, हे ठरू लागलं. शर्यतीच्या पॅडॉकमध्ये आज ज्याला कंपाउंड म्हणतात तो हाच हिशेब.

झीज नेमकी कशी होते हे मात्र पुढे बराच काळ कुणी नीट पाहिलं नव्हतं. ते काम १९५० च्या दशकात ब्रिटिश रबर प्रोड्युसर्स रिसर्च असोसिएशनच्या प्रयोगशाळेत अडॉल्फ शालामाख यांनी केलं. खरखरीत पृष्ठभागावर रबर एकाच दिशेने घासलं की त्यावर आडव्या कडांची रांग उठते. प्रत्येक कड मागे दुमडली जाते, तिच्या बुडाशी चीर पडते, आणि अखेरीस तो तुकडा सुटतो. खोडरबराने जोरात खोडल्यावर कागदावर ज्या वळकट्या उरतात तशाच वळकट्या टायरवर जमा होतात. शर्यतवाले त्याला ग्रेनिंग म्हणतात. १९६३ मध्ये त्याच परंपरेतल्या के. ए. ग्रॉश यांनी दाखवून दिलं की रबराची पकड वेगाबरोबर आणि तापमानाबरोबर वाढत जाते, एका टोकाला पोचते आणि मग घसरते. म्हणजे प्रत्येक कंपाउंडला आपलं असं एक ऊन लागतं. त्याहून थंड असेल तर ते फाटतं, त्याहून गरम झालं तर लोण्यासारखं पसरतं किंवा आतून फोड येतात. दोन्हीकडे झीज आहे, फक्त तिची कारणं उलटी आहेत. टायर वाचवायला स्वार हळू चालवू लागतो आणि टायर थंड पडून आणखीच फाटतो, असं म्हणूनच घडतं.

आणि मग खडी. टायरवर लिहिणारे सहसा खडीवर लिहीत नाहीत, आणि माझ्या मते तीच मोठी उणीव आहे. महाराष्ट्रातून रायपूरला आलेल्या माणसाच्या पायांना हा फरक घरातच कळतो. तिकडे पायाखाली काळा पाषाण, इकडे छत्तीसगडच्या पट्ट्यातला चुनखडीचा दगड आणि त्याची फरशी. चुनखडी वावराने गुळगुळीत होत जाते; जुन्या फरशीवर पावसाळ्यात पाय जपून टाकावा लागतो. दख्खनचा बेसाल्ट झिजला तरी खरखरीतपणा बराच राखतो. रस्ते बांधणारे अभियंते म्हणूनच वरच्या थरासाठी खडी निवडताना ती वाहतुकीने किती गुळगुळीत होईल याची चाचणी घेतात. ट्रॅकलाही हेच लागू होतं. डोळ्यांना दिसणारी खडबड पाणी निचरायला उपयोगी पडते, आणि प्रत्येक खड्याच्या अंगावरची, बोटाला जेमतेम जाणवणारी धार रबर कापते. नवा थर दिला की ही धार ताजी असते, डांबराचा पातळ लेप उडाला की ती उघडी पडते, आणि टायर बनवणाऱ्यांचे जुने अंदाज एका दिवसात कुचकामी ठरतात.

शर्यतीची सुरुवात रस्त्यांवर झाली. आइल ऑफ मॅनची टीटी १९०७ पासून चालू आहे. तिथल्या पर्वतमार्गाची एक फेरी साठ किलोमीटरहून जास्त, आणि मोठ्या शर्यतीत अशा सहा फेऱ्या. तिथल्या झिजीचा हिशेब अजूनही वेगळा चालतो. इंधन भरायला थांबताना मोठ्या गाड्यांचा मागचा टायरही बदलतात. १९६० च्या दशकात डनलपने शर्यतीसाठी त्रिकोणी छेदाचा टायर आणला. उभ्या गाडीला त्याची टोकदार मधली रेघच टेकायची आणि गाडी झुकली की एक बाजू सपाट अशी भरपूर टेकायची. रबर खांद्यावर खर्च करायचं हे इथे पहिल्यांदा टायरच्या आकारातच लिहिलं गेलं. १९६९ मध्ये माल्कम अपहिलने ट्रायम्फ बॉनव्हिलवर टीटीच्या प्रॉडक्शन शर्यतीत ताशी शंभर मैलांची फेरी मारली. बाजारात मिळणाऱ्या प्रकारच्या गाडीवरची ती तिथली पहिलीच. डनलपने आपल्या त्या टायरला टीटी हंड्रेड हे नाव दिलं आणि तो दुकानांतून विकला. शर्यतीतलं रबर उघडपणे रस्त्यावर उतरल्याचं हे ठळक उदाहरण.

पुढे यंत्रांची ताकद टायरांच्या पुढे निघून गेली. १९७० च्या दशकाच्या मध्यावर मोटरसायकल शर्यतीत नक्षी नसलेले स्लिक टायर आले. टेकणारं रबर वाढलं, नक्षीचे ठोकळे हलून तापण्याचा प्रश्न मिटला. पण मार्च १९७५ मध्ये अमेरिकेत डेटोनाच्या तीव्र उताराच्या वळणपट्टीवर बॅरी शीनचा मागचा टायर ताशी सुमारे २८० किलोमीटर वेगात फुटला. मांडीच्या हाडासह कितीतरी हाडं मोडली. सात आठवड्यांत तो पुन्हा गाडीवर बसला आणि पुढच्या वर्षी ५०० सीसीचा जगज्जेता झाला, ही गोष्ट सगळे सांगतात. टायरच्या इतिहासात त्या अपघाताचा अर्थ वेगळा आहे. डेटोनासारख्या ट्रॅकवर वेग, वजन आणि उष्णता यांचा मारा सतत एकाच पट्ट्यावर होतो. तिथे वरचं रबर संपण्याआधी आतली बांधणी हार खाते. झिजीचा विचार करताना टायरच्या पोटात काय चाललं आहे ते पाहायला हवं, हे तिथून पुढे टाळता येईना. १९८० च्या दशकात मिशेलिनने ग्रां प्रीत रेडियल बांधणीचे टायर आणले, ते कमी तापत. आणि १९९० च्या दशकात एकाच टायरमध्ये दोन कंपाउंड आले, मधे कडक आणि खांद्यांना मऊ. आज रायपुरातही स्पोर्ट्स बाइकवाला मुलगा दुकानात ‘ड्युअल कंपाउंड’ मागतो तो याच वंशातला.

आपल्याकडे याच काळात काय होतं? पक्का ट्रॅकच नव्हता. मुंबईत जुहूच्या, मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. शोलावरमची पट्टी दुसऱ्या महायुद्धातली, विमानांच्या चाकांसाठी केलेली. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत शर्यती भरवल्या. धावपट्टीवर लांबलचक सरळ धाव, मग कचकचीत ब्रेक आणि आखूड वळण. तिथे टायरला श्वास घ्यायला जागाच नसते. १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईला ३.७ किलोमीटरचा ट्रॅक झाला, २००३ मध्ये कोइमतूरला करी मोटर स्पीडवे, २०११ मध्ये ग्रेटर नोएडात बुद्ध सर्किट. इतक्या मोठ्या दुचाकींच्या देशाला हे फार थोडं आहे. छत्तीसगड, विदर्भ, मराठवाडा या पट्ट्यातल्या मुलाला वेग शिकायचा तर तो महामार्गावर शिकतो, आणि त्याची किंमत आपण बातम्यांत वाचतो.

टायर बनवण्यात मात्र मराठी मुलूख मागे नव्हता. मुंबईत शिवडीला फायरस्टोन, भांडुपला सिएट. सिएट मूळची इटलीतल्या तोरिनोची, १९२४ ची. भारतात ती १९५८ मध्ये आली. गोव्यात उसगावला एमआरएफ. आणि रायपूरच्या आपल्याच रस्त्यावर मागे गेलं की नागपूरजवळ बुटीबोरीला सिएटचा दुचाकी टायरांचा कारखाना आहे. एमआरएफची जन्मकथा इथे सांगण्यासारखी आहे. १९४६ मध्ये मद्रासजवळ खेळण्यातल्या फुग्यांपासून सुरुवात आणि १९५२ पासून ट्रेड रबर, म्हणजे झिजलेल्या टायरवर पुन्हा चढवायचं रबर. देशातली एवढी मोठी टायर कंपनी आधी झीज भरून काढायच्या धंद्यात होती, टायर ती नंतर बनवू लागली. टायरांबरोबर शर्यतीच्या गाड्याही इथून गेल्या: चाकणच्या बजाज कारखान्यात बनलेल्या केटीएम आरसी ३९० गाड्या २०१५ पासून अमेरिकेत मोटोअमेरिकाच्या नवशिक्यांच्या चषकात धावल्या, आणि तिथल्या किशोरवयीन मुलांनी टायर राखायचा पहिला धडा त्यांवर घेतला. २८ जानेवारी २०२४ ला पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली तेव्हा तिच्या नावापुढेही सिएटचं नाव होतं. सुपरक्रॉसचा टायर मातीतला, गठ्ठ्यांचा. त्याची झीज वेगळी, तिचा मागोवाही वेगळा.

आता मुख्य ट्रॅककडे, म्हणजे ग्रां प्रीच्या सर्वांत वरच्या वर्गाकडे, मोटोजीपीकडे. २००६ पर्यंत मिशेलिन एक जगावेगळी गोष्ट करत असे. युरोपातल्या शर्यतीत शनिवारी सराव झाला की त्या ट्रॅकच्या त्या दिवशीच्या स्वभावानुसार क्लेरमाँ-फेराँच्या कारखान्यात रातोरात टायर बनवायचे आणि सकाळी ट्रकने पोचते करायचे. २००७ पासून प्रत्येक स्वाराला शर्यतीच्या शनिवार-रविवारसाठी ३१ टायरांची मर्यादा आली आणि ते आधीच निवडून ठेवावे लागू लागले. २००९ पासून सगळ्यांना एकाच कंपनीचे टायर, आधी ब्रिजस्टोन, मग २०१६ पासून मिशेलिन. माझ्या मते हाच निर्णायक बदल होता. टायर सगळ्यांचा सारखा झाल्यावर झीज ही स्वाराची परीक्षा झाली. २०१७ मध्ये आंद्रेआ दोवित्सिओझोने सहा शर्यती जिंकून मार्क मार्केझला शेवटच्या शर्यतीपर्यंत झुंजवलं ते बरंचसं या परीक्षेच्या बळावर. सुरुवातीला पुढे राहूनही वेग आवरायचा, वळणातून बाहेर पडताना गाडी लवकर उभी करून मगच गॅस द्यायचा, म्हणजे झुकलेल्या खांद्यावरचं रबर मागच्या चाकाच्या घसरणीत जळत नाही. ट्रॅक्शन कंट्रोलने ही कला मारली असं अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. यंत्र घसरण थांबवतं, पण घसरण मुळात किती होऊ द्यायची आणि कोणत्या फेरीत, हे ठरवायला अजून माणूसच लागतो.

आणि काही वेळा माणूसही पुरत नाही. २० ऑक्टोबर २०१३, फिलिप आयलंड, ऑस्ट्रेलिया. मला या विषयातला एकच दिवस निवडायला सांगितला तर मी हाच निवडीन. समुद्राकाठचा वेगवान ट्रॅक, बारा वळणं, त्यातली सात डावी, आणि त्यांतली काही खूप लांब. गाडी डाव्या खांद्यावर इतका वेळ पडून राहते की मागच्या टायरची डावी बाजू भाजून निघते, आणि उजवी समुद्राच्या गार वाऱ्यात थंड राहते. २०१२ च्या डिसेंबरात तिथे नवा थर दिला होता. नवी खडी, ताजी धार, पकड अप्रतिम, फेऱ्यांचे वेळ विक्रमी. सरावातच कळलं की मागचे टायर पूर्ण शर्यत टिकणार नाहीत. डाव्या बाजूला फोड येऊन रबर सुटू लागलं होतं. पूर्ण शर्यत २७ फेऱ्यांची. ती १९ वर आणली आणि एका टायरवर दहापेक्षा जास्त फेऱ्या मारायच्या नाहीत, मधे येऊन गाडी बदलायचीच, असा नियम घातला. मोटो टू वर्गाची शर्यत १३ फेऱ्यांची झाली. मार्केझच्या चमूने फेऱ्या मोजण्यात चूक केली, तो एक फेरी उशिरा आत आला आणि त्याला काळा झेंडा दाखवून बाद केलं. शर्यत होर्हे लोरेन्झोने जिंकली. मार्केझने शेवटी चार गुणांनी जगज्जेतेपद मिळवलं, म्हणून ती चूक आज हलकी वाटते. त्या दिवशी ती वर्षभराचं गणित उलथवणारी होती.

यात कुणी स्वार वाईट नव्हता, कंपनी आळशी नव्हती, रस्ता करणाऱ्यांनी तर उत्तम काम केलं होतं. एवढंच घडलं होतं की खडी आणि रबर यांची आधी भेट घालून दिली गेली नव्हती. आणि हे एकदाच घडलं असंही नाही. २०१६ मध्ये अर्जेंटिनात स्कॉट रेडिंगच्या मागच्या टायरचं रबर सरावात सोलून निघालं आणि शर्यत आखूड करून गाडी बदलणं सक्तीचं करावं लागलं. फिलिप आयलंडला पुन्हा नवा थर दिल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ल्ड सुपरबाइकच्या शर्यतीत टायर बदलण्यासाठी थांबा सक्तीचा झाला. दहा वर्षांनी, त्याच जागी, तोच उपाय.

आपल्या देशात मोटोजीपी पहिल्यांदा आली ती सप्टेंबर २०२३ मध्ये, बुद्ध सर्किटवर. तिथे शत्रू ऊन होतं. उकाड्यामुळे २४ फेऱ्यांची शर्यत २१ वर आणली. मार्को बेझेकी जिंकला, आणि दुसरा आलेला होर्हे मार्टिन शर्यतीनंतर उन्हाने कोसळायला आला होता. त्याच वर्षी पुढच्या टायरच्या किमान हवेचा नियम कडक झाला होता, १.८८ बार. दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवलं की पुढच्या चाकाला वारा लागत नाही, टायर तापतो, हवा फुगते, जमिनीला टेकणारा भाग आक्रसतो आणि पकड जाते. मे महिन्यात रायपूरचा पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा जी. ई. रोडवरच्या डांबराचं तापमान त्याच्या कितीतरी वर असतं, आणि ट्रकच्या मागे चिकटून जाणाऱ्या बाइकच्या टायरमध्येही हेच चालू असतं, कमी तीव्रतेने.

२०२७ पासून मोटोजीपीला टायर पिरेली पुरवणार आहे आणि इंजिनं ८५० सीसीची होणार आहेत. सगळे हिशेब पुन्हा मांडावे लागतील.

तेलीबांध्याच्या तलावाकाठी, ज्याला रायपूरकर मरीन ड्राइव्ह म्हणतात, संध्याकाळी ज्या बाइक उभ्या राहतात त्यांच्या मालकांना माझं एवढंच सांगणं आहे. टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय अशी खूण किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत वर पाहा, नक्षीच्या खाचेत रबराचा छोटा उंचवटा दिसेल. मधला पट्टा त्या उंचवट्याला भिडला असेल तर टायर संपला, मग कडा कितीही नव्या दिसोत. मधोमध चपटा झालेला टायर वळणावर आधी गाडी झुकू देत नाही आणि मग एकदम टाकतो. कडेवरचे चार आकडेही वाचा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रबर न धावताही म्हातारं होतं. हवा गाडी थंड असताना मोजा. आणि नवा टायर घ्यायचा असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आधी घ्या.